चॉकलेट हेझलनट कपकेक घरी कसे करायचे: गावातलं किचन, मे महिन्याचं ऊन अन पडकं व्होल्टेज धरून

मागच्या वर्षी मे महिन्यात पोरीच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा हे कपकेक केले. बाहेर ४५ डिग्री, घरात कूलर घरघर करून राह्यला अन माझं बटरक्रीम कपकेकवरून ओघळून डब्याच्या बुडाशी जमा झालं. सासूबाईनं वाकून पाह्यलं अन म्हणे, "वरतून कढी काऊन टाकली वं?" खालचा केकही काही खास नव्हता, हेझलनट मी कच्चेच तोडून टाकले होते ते दाताखाली लाकडासारखे लागत होते. तेव्हापासून व्हिडिओतली रेसिपी जशीच्या तशी करणं मी सोडलं, कारण त्या बाया एसीत उभ्या राहून करतात अन आपण परतवाड्याच्या अलीकडच्या गावात पत्र्याखाली.

आता बऱ्याच बॅचा झाल्या, तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन दारात येणाऱ्या पोट्ट्यांना बोजाऱ्याबरोबर (त्या दिवशी पोट्ट्यांच्या हातावर ठेवतात ती भेट) एकेक कपकेक दिला अन एकाही पोट्ट्यानं परत आणला नाही, म्हणून लिहायची हिंमत करते. केक फुगवणं सोपं आहे बाप्पा, ते कोणालाही जमते. खरं काम हेझलनट भाजण्यात आहे, अन दुसरं वरच्या चॉकलेटमध्ये, त्यामुळे त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे अन बाकीचं भरभर उरकलं आहे.

आधी हेझलनट

तालुक्याच्या किराणा दुकानात हे मागितलं तं दुकानदार काजू दाखवते. नागपूरला इतवारीत सुक्या मेव्याच्या दुकानात मिळते, नाहीतर ऑनलाइन मागवायचं. सालीसकट अख्खे घ्या, पावडर किंवा तुकडे घेऊ नका कारण ते किती जुने आहेत हे कळत नाही. दुकानात घेत असाल तं एक दाणा तोंडात टाकून पाहाच. जुन्या खोबऱ्यासारखा खवट लागला तं सोडून द्या, खवट दाणा कितीही भाजला तरी सुधरत नाही. हेझलनटमध्ये निम्म्याहून जास्त तेलच असते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात ते लवकर बिघडते. घरी आणल्यावर उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचे.

हे पीक मुख्यतः तुर्कस्तानातलं, काळ्या समुद्राच्या काठचं, त्याच्या खालोखाल इटलीचं नाव घेतात. इटलीत तुरीन शहराकडं १९व्या शतकात कोकोची टंचाई झाली तेव्हा तिथल्या चॉकलेटवाल्यांनी हेझलनट वाटून चॉकलेटमध्ये मिसळला अन माल पुरवला, त्याला जांदुया म्हणतात. १९६४ ला फेरेरो कंपनीनं न्यूटेला काढलं ते त्याच घराण्यातलं. म्हणजे आपण चटणीत दाण्याच्या कुटाला डाळवं लावून पुरवतो तशातलीच ही गोष्ट. म्हणून पुढं मी फल्लीदाणे (शेंगदाणे) मिसळायला सांगणार आहे तेव्हा नाक मुरडू नका.

भाजायचं असं. २०० ग्रॅम हेझलनट जाड बुडाच्या कढईत, गॅस एकदम बारीक, १२ ते १५ मिनिटं सराट्यानं (उलथण्यानं) हलवत राहायचं. मधात फोन घ्यायचा नाही. पहिले सात-आठ मिनिटं काहीच होत नाही असं वाटते अन तिथंच माणूस कंटाळून गॅस मोठा करते, मग वरून काळं अन आत कच्चं. सालीला तडे जायला लागले, घरभर गोडसर वास सुटला की एक दाणा तोडून पाहा, आतून ग्लुकोज बिस्किटासारखा रंग आला पायजे. पांढरा असेल तं अजून दोन मिनिटं. तपकिरी झाला असेल तं लगेच ताटात काढा, कढईत ठेवला तं गॅस बंद केल्यावरही भाजतच राहते अन कडू होते. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तं १६० डिग्रीवर १२ मिनिटं, मधात एकदा ट्रे हलवायचा.

गरम असतानाच जाड पंच्यात गुंडाळून पाच मिनिटं ठेवा अन मग पंच्यासकट दोन्ही हातांनी चांगले रगडा. सालं सुटतात. आता ते निवडत बसू नका, आपल्या घरी सूप आहे ना, अंगणात जाऊन पाखडा, दोन मिनिटांत साल उडून जाते. चार-दोन दाण्यांना साल चिकटून राहील, राहू द्या. पण सगळीच ठेवली तं केक तुरट लागते. काहीजण सोडा घातलेल्या पाण्यात उकळून साल काढतात, साल छान निघते पण दाणा ओला होते, परत वाळवा परत भाजा, त्यापेक्षा सूप बरं.

आता पूर्ण थंड होऊ द्या. पंख्याखाली अर्धा तास. गरम दाणा मिक्सरमध्ये टाकला तं पावडर व्हायच्या आधीच तेल सोडते. थंड झाल्यावर तीन वाटे करा. ५० ग्रॅमची पावडर करायची, त्यात रेसिपीतलीच एक चमचा साखर टाकून मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, बारीक रव्यासारखी झाली की बस. १०० ग्रॅमची पेस्ट करायची, ती कपकेकच्या मधोमध भरायला. उरलेले जाडेभरडे कुटून वर टाकायला, थोडे पोरं चोरून खातात तेही धरून चाला.

पेस्ट करताना बऱ्याच जणी अर्ध्यातच हार मानतात. लहान भांड्यात एक मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा, परत फिरवा. आधी पीठ होते, मग ओल्या मातीसारखा गोळा होऊन भांड्याला चिकटते अन वाटते की बिघडलं, बिघडलं नाही, फिरवत राहा, साधारण पाच-सहा मिनिटांचं फिरवणं झालं की तेल सुटून पातळ वाहायला लागते. मिक्सर गरम झाला तं त्याला दहा मिनिटं आराम द्या, जळला तं कपकेक फार महागात पडेल. पातळ झाल्यावर त्यात ६० ग्रॅम पिठीसाखर, १५ ग्रॅम कोको, चिमूटभर मीठ अन दोन चमचे वास नसलेलं तेल टाकून परत एकदा फिरवा. पाणी किंवा दूध एक थेंबही नाही, चमचाही कोरडा. ओल लागली की सगळं दाटून गोळा होते अन लवकर खराबही होते. हे झालं आपलं घरचं स्प्रेड. केकला लागते त्यापेक्षा जास्त होते, उरलेलं पोळीला लावा.

हेझलनट परवडत नसेल तर

अर्धे हेझलनट अन अर्धे फल्लीदाणे घ्या. दाणे मंद भाजून, साल पाखडून, तसंच वाटायचं. चव फल्लीकडं झुकते पण चॉकलेटमध्ये चांगली लागते. चारोळीनं मात्र मला चकित केलं. आमच्याइकडे मेळघाटात, तिकडं गडचिरोलीकडं जंगलात चारोळी होते, कुणी ओळखीचं असेल तं ताजी मिळून जाते. दोन-तीन मिनिटंच भाजायची, लहान असल्यानं लगेच जळते. तिची स्निग्ध चव हेझलनटच्या जवळ जाते, काजूपेक्षा तं नक्कीच जास्त. काजू मी वापरत नाही, कोकोपुढं तो कुठं जाते पत्ताच लागत नाही.

घोळाचं सामान

घोळ म्हणजे केकचं कालवलेलं पीठ, त्याचं १२ मध्यम कपकेकचं प्रमाण सांगते. वजनकाटा घ्या बाई एक, स्वयंपाकाचा साधा डिजिटल काटा फार महाग नसते, वाटीच्या मापानं प्रत्येकीची वाटी वेगळी अन मग दोष रेसिपीला.

मैदा १२५ ग्रॅम, भाजलेल्या हेझलनटची पावडर ५० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव चमचा. हे झालं कोरडं. ओल्यात ताजं घट्ट दही १२० ग्रॅम, तेल ८० मिली, गरम कॉफी १०० मिली (इन्स्टंट कॉफी १ चमचा गरम पाण्यात), व्हॅनिला इसेन्स १ चमचा, अन लागलंच तं दोन चमचे दूध.

कॉफीची चव केकला येत नाही, घाबरू नका, ती फक्त कोकोला उठाव देते, अन गरम पाण्यानं कोको फुलते हा दुसरा फायदा. चिखलदऱ्याला कॉफी होते, तिकडून कोणी आणली तं तिचा कोरा काढा गाळून टाका, मस्त लागते. लहान लेकरांसाठी कॉफी नको असेल तं नुसतं गरम पाणी.

तेल सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं रिफाइंड. घाण्याचं फल्लीतेल नको, जवसाचं तं अजिबातच नको, वास येते. बटर काऊन नाही? एक तं आपल्याकडं उन्हाळ्यात बटर फेटता येत नाही, नुसतं तूप होऊन वाहते, अन दुसरं म्हणजे तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, फ्रीजमध्ये ठेवला तरी दगड होत नाही.

कोको पावडर बिनसाखरेची पायजे, दुधात घालायची चॉकलेट पावडर नाही. डब्यावर ॲसिडिटी रेग्युलेटर ५०१ असं काही लिहिलं असेल तं तो अल्कली लावलेला कोको, रंगानं गडद, चवीला सौम्य. तसं नसेल तं साधा आंबट कोको. आपल्या रेसिपीत दही आहे, सोड्याला आंबट तिथून मिळून जाते, म्हणून कुठलाही चालते.

अंडं खाणारे दह्याऐवजी २ अंडी अन २ चमचे दूध घेऊ शकतात, मग सोडा निम्मा करा. आमच्या घरी श्रावणात अंडं चालत नाही म्हणून मी दह्यावरच हात बसवला.

घोळ कालवणं

ओव्हन किंवा कढई आधी तापत ठेवा, मग कालवायला घ्या, उलटं करू नका. कोको आधी गरम कॉफीत गुठळ्या न ठेवता कालवून घ्या अन कोमट होऊ द्या. मैदा, सोडा, बेकिंग पावडर, मीठ दोनदा चाळून घ्या, त्यात हेझलनटची पावडर हातानं मिसळा (ती चाळणीतून जात नाही, प्रयत्न करू नका). दुसऱ्या गंजात (पातेल्यात) दही, साखर, तेल, व्हॅनिला चांगलं फेटा, साखर विरघळेपर्यंत, मग त्यात कोकोची कॉफी. आता कोरडं ओल्यात दोन वेळा करून टाका अन सराट्यानं खालून वर, खालून वर. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. इथं हात थांबत नाही हे मला माहीत आहे, भज्याचं पीठ फेटायची सवय असते ना, पण जास्त फेटलं तं मैद्याला चिवटपणा येते अन केक रबरासारखा होते.

घोळ भज्याच्या पिठापेक्षा थोडा पातळ, चमच्यातून जाड रिबिनीसारखा पडला पायजे. घट्ट वाटला तं दूध.

कागदी कप नुसते ट्रेवर ठेवले तं पसरून चपटे होतात. मोल्डचा ट्रे नसेल तं घरच्या स्टीलच्या छोट्या वाट्यांमध्ये कागदी कप बसवा. कागद नसेल तं वाटीला तेल लावून मैदा भुरभुरवा. दोन तृतीयांश भरायचं, त्याच्या वर नाही.

भाजणं: ओटीजी, कढई अन मोटारीचे दिवस

ओटीजीत १७० डिग्री, वरची खालची दोन्ही कॉइल चालू, मधला खण, १० ते १५ मिनिटं आधी तापवून मग १८ ते २० मिनिटं. हे झालं पुस्तकातलं. आता आपल्या गावातलं सांगते. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत शेतातल्या पंपाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरते, बल्ब पिवळा पडते, अन ओटीजीचा काटा १७० वर असला तरी आत तेवढी उष्णता पोहोचत नाही. हिशोब असा की व्होल्टेज जेवढं उतरते त्याच्या वर्गानं वॅट उतरते, १५०० वॅटचा ओटीजी २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तं जेमतेम ९०० वॅट देते. त्या दिवसांत माझ्या सहा बॅचा अशाच बसक्या झाल्या अन मी उगाच बेकिंग पावडरला शिव्या देत होते. म्हणून बल्ब पाहा, पिवळा दिसला तं त्या वेळी ओव्हन लावूच नका, मोटारी बंद असतात तेव्हा लावा. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ओटीजी लावायचा तं विचारही करू नका.

लाइटचा भरवसा नसेल तं कढई. खरं सांगू, मी आता जास्त करून कढईतच करते. जाड मोठी कढई, तिच्यात बोटभर जाड मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू, वर स्टँड किंवा उलटी ताटली, झाकण घट्ट, मध्यम गॅसवर १० मिनिटं तापवा. मग वाट्या ठेवून गॅस बारीक, २५ ते ३० मिनिटं. झाकणाला आतून वाफ धरते अन पाणी कपकेकवर टपकते, म्हणून झाकणाला पंचा बांधायचा, टोकं वरच्या बाजूला गाठ मारून, खाली लोंबली तं पेट घेईल. कुकरमध्ये करत असाल तं आतली रिंग अन शिट्टी दोन्ही काढून, पाणी न टाकता, अन जुना कुकर घ्या कारण मिठानं तो काळा पडते.

कढईत एका वेळी पाच-सहाच वाट्या बसतात. अन इथं एक गफलत होते. सगळा घोळ एकदम कालवून अर्धा बाजूला ठेवला तं दही अन सोड्याचं काम तिथंच गंजात सुरू होऊन संपून जाते, दुसरी फेरी फुगत नाही. कोरडं वेगळं, ओलं वेगळं अर्धं अर्धं मोजून ठेवा, पहिले कपकेक उतरले की दुसरं कालवा.

पहिले १५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. पोट्टे दहा वेळा विचारतील, त्यांना अंगणात पाठवा. नंतर टूथपिक टोचून पाहा, ओला घोळ लागला तं अजून पाच मिनिटं, ओलसर चुरा लागला तं झालं. टूथपिक एकदम कोरडी यायची वाट पाहिली तं चॉकलेटचा केक कोरडाच होते. आमच्याइकडे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजणारी माणसं आहेत, आच बोटानं ओळखणारी, तुमच्या घरी कोणी असं असेल तं कढईजवळ त्यांनाच बसवा, माझ्या सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी मला सांगितलं होतं की तुझ्या कढईला खालून जास्त अन वरून कमी लागून राह्यलं.

उतरवल्यावर पाच मिनिटं वाटीत, मग बाहेर काढून जाळीवर. पूर्ण थंड झाल्याशिवाय भरायचं नाही.

भरणं अन वरचं चॉकलेट

मधोमध सुरीनं किंवा बाटलीच्या झाकणानं छोटा खड्डा करा, निम्म्यापर्यंतच, बूड फोडू नका. एक चमचा स्प्रेड भरून काढलेला तुकडा वर टोपीसारखा बसवा.

आता वरचं. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असते अन ते ३४ डिग्रीच्या आसपास वितळते. आमच्या खोलीतच मे महिन्यात त्याहून जास्त असते, मग ते टिकणार कसं? कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असते, ते जरा जास्त दम धरते. चवीला खरं चॉकलेट भारी यात वादच नाही, म्हणून थंडीत मी खरं वापरते अन मार्चपासून जूनपर्यंत डार्क कंपाउंड. व्हिपिंग क्रीमच्या नादी उन्हाळ्यात लागूच नका, ती फ्रीजरमधली वस्तू, एसटीत दीड तास बसून आली की तिचं पाणी झालेलं असते.

गनाश करा, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. थंडीत १५० ग्रॅम चॉकलेटला १५० ग्रॅम फ्रेश क्रीम, उन्हाळ्यात २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम. पॅकेटवाली २५ टक्के फॅटची क्रीम चालते, ती फेटून फुगत नाही पण गनाशला उत्तम. क्रीम गरम करायची, उकळी फुटू द्यायची नाही, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतून दोन मिनिटं झाकून ठेवायची अन मग मधातून बाहेर असं गोल गोल हलवायचं. तेल वेगळं दिसायला लागलं, फाटल्यासारखं झालं, तं घाबरू नका, एक चमचा कोमट दूध टाकून हळूहळू घोटा, जुळून येते. त्यात दोन चमचे आपलं हेझलनटचं स्प्रेड टाकलं तं काय सांगू.

उन्हाळ्यात कपकेक अर्धा तास फ्रीजमध्ये थंड करून मग उलटा धरून गनाशमध्ये बुडवा, लगेच बसते. वरतून कुटलेले हेझलनट. संत्र्याच्या दिवसात मी वरूड-मोर्शीच्या संत्र्याची साल वरवर किसून चिमूटभर गनाशमध्ये टाकते, फक्त केशरी भाग, पांढरा आला तं कडू.

काय बिघडलं ते ओळखायचं कसं

मधात खड्डा पडला तं झाकण लवकर उघडलं किंवा सोडा जास्त झाला. डोंगरासारखा फुगून वरून फाटला तं आच जास्त. साबणासारखी चव आली तं सोडा चाळला नाही, गुठळी राहिली. खालून करपला, वरून ओला, तं मिठाचा थर पातळ आहे किंवा गॅस मोठा आहे. अन चव सगळी बरोबर पण हेझलनट कुठं आहे हेच कळत नाही, तं तुम्ही कमी भाजले, पुढच्या वेळी अजून तीन मिनिटं द्या.

भरलेले कपकेक थंडीत बाहेर दोन दिवस टिकतात, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये तीन दिवस, खायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढायचे. कोणाकडं न्यायचे असतील तं पुठ्ठ्याचा बॉक्स नको, स्टीलचा उभा डबा घ्या, बुडाशी ओला करून पिळलेला पंचा, त्यावर ताटली, त्यावर कपकेक एकमेकांना चिकटून उभे, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी हलत नाहीत. अन कोणाला सुक्या मेव्याची किंवा फल्लीदाण्याची ॲलर्जी आहे का हे देण्याआधी विचारून घ्या, लेकरांच्या बाबतीत तं आईलाच विचारा.